सिबिल सुधारायचंय: एजंट गाठावा की स्वतः तक्रार करावी?

घोडबंदर रोडला फ्लॅट बघून ठेवला आणि बँकेने सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) कमी म्हणून फाइल परत केली, की कुणीतरी एजंटचा नंबर देतंच. सल्ला देणं किंवा अर्ज भरून देणं यात बेकायदा काही नाही. पण ‘जुना डिफॉल्ट (कर्ज थकवल्याची नोंद) पुसून देतो’ म्हणणारा थाप मारतोय. नोंद खरी असेल तर ती कुणालाच पुसता येत नाही. खोटं ‘नो ड्यूज’ (थकबाकी नसल्याचं) पत्र जोडलं तर ती सरळ फसवणूक, आणि अर्जावर सही तुमची असते, त्याची नव्हे. ओटीपी त्याच्या हाती देणं तर आणखी धोक्याचं.

स्वतः करायला पैसे लागत नाहीत. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चूक दिसली तर ऑनलाइन तक्रार करायची. कंपनी बँकेला विचारते, बँकेने मान्य केलं की दुरुस्ती होते. मुदत 30 दिवसांची. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दिवसाला 100 रुपये भरपाई आहे, हे एजंट सहसा सांगत नाही!

थकबाकी खरीच असेल तर मात्र दोन्ही वाटा सारख्याच: पैसे भरा, थांबा. कमी रकमेत तडजोड केली तर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, म्हणून जमत असेल तर पूर्ण फेडून ‘क्लोज्ड’ करून घ्या.

माझं मत विचाराल तर एजंटला द्यायचे पैसे कर्जाच्या हप्त्यात भरा.