‘भूमी’चा उतारा: काढायला झटपट, सुधारायला चपला झिजवा

बेळगाव जिल्ह्यातलं उचगाव असो, नंदगड असो की निपाणी, पारावर जमिनीचा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला सरकार येतं आणि चौथ्याला पक्ष. रिंगरोड, हलगा-मच्छे बायपास, दप्तराची भाषा, सगळ्यावर प्रत्येकाचं मत ठाम. पण ज्या कागदावर हे सगळं उभं आहे, तो स्वतःच्या जमिनीचा उतारा गेल्या सहा महिन्यांत कोणी उघडून बघितला, असं विचारलं की पार गप्प. हे परीक्षण त्या कागदाचं आणि तो देणाऱ्या सेवेचं, म्हणजे कर्नाटक महसूल खात्याच्या ‘भूमी’ या संगणकीय जमीन दप्तराचं. निकाल आधीच सांगतो. उतारा बघायला आणि काढायला पाचपैकी साडेचार गुण. त्यातली चूक दुरुस्त करून घ्यायला दीड, आणि तो दीडसुद्धा ‘सकाल’ या वेळेत सेवा देण्याच्या कायद्याच्या जिवावर.

चांगलं आहे ते मोकळेपणाने म्हणू. ‘भूमी’ येण्यापूर्वी राज्यात सुमारे 9,000 तलाठ्यांच्या कपाटात दप्तर होतं आणि उतारा मिळणं न मिळणं त्यांच्या सवडीवर होतं. 2000 सालाच्या आगेमागे सुमारे 67 लाख खातेदारांच्या 2 कोटी नोंदी संगणकावर चढल्या आणि तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपयांत छापील उतारा मिळू लागला. हस्तलिखित उतारा व्यवहारातून बाद झाला. या कामात कर्नाटक लवकर जागं झालं, हे सीमाप्रश्नावर कट्टर असलेला माणूसही खाजगीत कबूल करतो. मात्र संगणकावर चढलं ते तलाठ्याने लिहिलेलं, आणि तेही टाइप करणाऱ्याला जसं लागलं तसं. आजच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे.

बघायची रीत सोपी. लँड रेकॉर्ड्सच्या संकेतस्थळावर ‘व्ह्यू आरटीसी अँड एमआर’ उघडा (आरटीसी म्हणजे उतारा, एमआर म्हणजे फेरफार). जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्याचा महसुली भाग), गाव, मग सर्व्हे नंबर टाकून ‘गो’ दाबा. पुढे ‘सरनॉक’ नावाचा चमत्कारिक रकाना येतो. बहुतेक ठिकाणी तिथे नुसती चांदणी (*) असते, तीच निवडायची. मग हिस्सा, कालावधी, वर्ष. लोक अडकतात ते दोन ठिकाणी. एक, होबळी: गाव खानापूर तालुक्यातलं असलं तरी ते जांबोटी, बिडी, गुंजी की खानापूर होबळीत हे माहीत नसतं. दुसरं, तालुकाच बदललेला असतो. निपाणी आणि कागवाडची गावं सवयीने जुन्या तालुक्यात शोधली जातात आणि ‘नोंदच उडवली’ अशी बोंब होते. पडद्यावर दिसतं ते फुकट, पण ते बँकेत किंवा कोर्टात चालत नाही. त्यासाठी फी भरून सहीचा, क्यूआर कोड असलेला उतारा काढावा लागतो.

कागद कन्नडमध्ये असतो, आणि इथेच मराठी माणूस तो घडी घालून दुसऱ्याच्या हातात देतो. खरं तर घाबरण्यासारखं त्यात फार थोडं आहे. दोन नावांमध्ये ‘बिन’ असेल तर अमक्याचा मुलगा, ‘कोम’ असेल तर अमक्याची बायको. हे दोन्ही शब्द आपल्या जुन्या मराठी कागदांतही सापडतात. खराबु म्हणजे पोटखराब, आकारबंद म्हणजे आकारबंदच, सर्व्हे नंबरचं मूळ क्षेत्र आणि आकार दाखवणारी नोंद. ‘जंटि’ म्हणजे सामाईक आणि ‘ऋण’ म्हणजे बोजा, एवढं लक्षात ठेवलं आणि कन्नड आकडे ओळखता आले की अर्धा उतारा वाचून होतो. आकडे शिकायला एक संध्याकाळ पुरते.

तिसऱ्या रकान्यातल्या क्षेत्रावर मात्र भावाभावांत हमखास घोळ होतो. 3.10 लिहिलं असेल तर ते तीन एकर दहा गुंठे. एकराचे 40 गुंठे, गुंठ्याचे 1,089 चौरस फूट. दोघांत वाटायचं तर कॅल्क्युलेटर 1.55 दाखवतो आणि तेच वाटणीपत्रात लिहिलं जातं. आता 1.55 असं क्षेत्र असूच शकत नाही, कारण 40 गुंठे झाले की एकर वाढतो. खरा हिशेब असा: 3.10 म्हणजे 130 गुंठे, अर्धे 65, म्हणजे 1.25. त्याच रकान्यात पोटखराब ‘अ’ आणि ‘ब’ वेगळे दाखवलेले असतात. ‘अ’ म्हणजे लागवडीला निरुपयोगी, पण खातेदाराचंच. ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला, पाणंद असं सार्वजनिक वापराचं. ‘ब’ खराबावर भिंत घालून ‘आमच्या उताऱ्यात आहे’ असं म्हणणारे प्रत्येक गावात दोन-तीन असतात.

नववा रकाना मालकाचा, दहावा मालकी कशी आली त्याचा, अकरावा इतर हक्क आणि बोजांचा, बारावा पीक आणि कसणाऱ्याचा. लोक नववा बघून उतारा मिटतात. दहाव्यातला एम.आर. नंबर उतरवून घ्या आणि त्या फेरफाराची नक्कल काढा. नाव कोणत्या खरेदीने, वाटणीने की वारशाने लागलं, ते तिथेच कळतं. ज्या नावाला फेरफारच सापडत नाही, ते नाव संशयास्पद.

अकराव्याची किंमत 2024 च्या ऑक्टोबरात कळली. विजापूर जिल्ह्यात शेतकऱ्यांना वक्फच्या नोटिसा गेल्या, काहींच्या अकराव्या रकान्यात तशा नोंदी चढल्या. पुढच्या महिन्यात सरकारने नोटिसा मागे घ्यायला सांगितलं. आपल्याकडच्या कट्ट्यांवर त्यावरून महिनाभर पक्षवार भांडणं झाली. त्यातल्या किती जणांनी आपला अकरावा रकाना तपासला, हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नाही. रोजच्या व्यवहारात तिथे सापडतो तो सोसायटीचा किंवा बँकेचा फिटलेला बोजा. कर्ज फेडलं की बोजा आपोआप उतरतो, हा मोठा गैरसमज. बँकेकडून बोजा उतरवल्याचा कागद पुढे गेला पाहिजे आणि महिन्याभराने उतारा पुन्हा बघितला पाहिजे. नाहीतर दहा वर्षांनी जमीन विकायच्या दिवशी, कधीच बदलून गेलेल्या मॅनेजरची सही शोधत फिरावं लागतं.

बाराव्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याला फटका विम्यात बसतो. पीक पाहणीत शेतात ऊस नोंदला गेला आणि विमा भाताचा असला, तर दावा अडकतो. पाहणीचा हंगाम संपायच्या आत हरकत घ्यायची, नंतर ओरडून उपयोग नाही.

आता दीड गुणाकडे. चुका तीन जातीच्या असतात आणि तिन्हींचा रस्ता वेगळा. कचेरीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो चुकीच्या खिडकीवर उभं राहण्यात. परशराम-परशुराम, आडनाव गळालेलं, हिस्सा चुकलेला ही टंकनचूक. तिच्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज, सोबत जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल. क्षेत्राची चूक असेल, म्हणजे सगळ्या हिश्श्यांची बेरीज आकारबंदापेक्षा जास्त भरत असेल, तर फेरफार पुढे सरकतच नाही; ते काम भूमापन खात्याचं. हक्काचाच वाद असेल, बहिणीचं नाव वगळलं, खोट्या वाटणीने नाव चढलं, तर कर्नाटक जमीन महसूल कायदा 1964 च्या कलम 136 खाली प्रांतांकडे अपील, आदेश कळल्यापासून 60 दिवसांत. आपल्या जिल्ह्यात प्रांत कचेऱ्या तीन: बेळगाव, चिकोडी, बैलहोंगल. आपला तालुका कुठे येतो ते आधी विचारून घ्या.

जमिनीचा तुकडा विकायचा तर ‘11-ई’ नकाशा आधी लागतो. भूमापक येऊन मोजतो, तुकडा नकाशावर दाखवतो, मग खरेदी, मग पोडी (हिस्सा मोजून वेगळा करणं). हा नकाशा नसताना इसारापोटी लाखो रुपये मोजणारे अजून भेटतात. दिशांक ॲपवर शेतात उभं राहून सर्व्हे नंबर दिसतो, ते छान आहे; पण मोबाईलचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतो, त्यावर बांध ठरवू नका.

वारसाच्या नोंदीत (इथे तिला ‘पौती खातं’ म्हणतात) मृत्यूचा दाखला आणि वंशावळ जोडतात. वंशावळीतून लेकी गाळण्याची सवय अजून गेलेली नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित हिस्सा मुलाइतकाच आहे, आणि हक्कसोड करायचीच तर ती नोंदणीकृत लागते. राखी पौर्णिमेला कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीला तिथे किंमत नाही.

अर्ज दिल्यावर काय मागायचं? ‘सकाल’चा 15 आकडी नंबर. सकाल म्हणजे वेळेवर. सकाळी कट्ट्यावर येतो त्या पेपरशी याचा संबंध नाही. 2011 चा कायदा, 2012 पासून लागू. ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, आणि ते जबाबदार कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल होतात. 20 रुपयांनी कोणी श्रीमंत होत नाही, पण पगारातून कापलेली रक्कम दप्तरी नोंदली जाते, तिची भीती असते. खाचखळगा एकच: कागद हातात घेतला, ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले आणि नंबर दिला नाही, तर घड्याळ सुरूच झालेलं नसतं. तिथून नंबर घेतल्याशिवाय हलू नये. नाकारलं किंवा मुदत टळली तर 30 दिवसांत अपील.

काम का अडलं हे कागदावर हवं असेल तर माहिती अधिकार: 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर. कर्नाटकात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो. आपले लोक चार पानी कैफियत लिहितात आणि ती परत आली की व्यवस्थेला शिव्या घालतात. ‘अमुक नंबरच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर काय शेरा पडला, त्याची प्रत द्या’ एवढं वाक्य पुरतं. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका, प्रत मागा.

भाषेचं त्रांगडं नीट समजून घेतलं पाहिजे, कारण यावर कट्ट्यावर आवाज सगळ्यात चढतो आणि तपशील सगळ्यात कमी असतो. घटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. मराठीतला तक्रार अर्ज भाषेच्या कारणावरून नाकारता येत नाही. पण माहिती अधिकाराच्या कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे, तिथे मराठीचा आग्रह धरला तर 30 दिवस वाया जातील. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने मान्य केलेल्या संरक्षणांत आहे. ‘भूमी’च्या उताऱ्यावर त्याचा मागमूस नाही. इंग्रजीत बटणं देता येतात तर रकान्यांचे मथळे मराठीत छापायला काय अडचण आहे, हे या सेवेबद्दलचं माझं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं.

‘उताऱ्यावर नाव म्हणजे मालक’ हे पारावरचं सर्वात लाडकं वाक्य. जमीन महसूल कायद्याचं कलम 133 म्हणतं, नोंद खरी मानावी, उलट सिद्ध होईपर्यंत. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि जातही नाही, असं सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगत आलं आहे. मालकीचा निकाल दिवाणी कोर्टात. दुसरं लाडकं वाक्य, ‘सरकारने मनात आणलं तर आपण काय करणार’. संपत्तीचा हक्क 44 व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला हे खरं, पण घटनेच्या कलम 300-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय जमीन घेता येत नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी घेताना महामार्ग कायद्याच्या कलम 3-अ ची सूचना दोन स्थानिक पेपरांत येते, आणि तिच्या तारखेपासून 21 दिवसांत लेखी हरकत देता येते. मोर्चा त्या 21 दिवसांनंतर निघाला तर फोटो चांगले येतात. मोबदल्याच्या यादीत नाव येतं ते उताऱ्यावरून. तिथे अजून आजोबा असतील तर रक्कम वारसांच्या वादात पडते आणि वाटणीचं भांडण दिवाणी कोर्टात जातं.

शेवटचं, जुन्या दप्तराबद्दल. 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथल्या मराठी भागातले मूळ फेरफार मराठीत आणि त्याआधीचे बरेचसे मोडीत आहेत. दुरुस्तीच्या अर्जाला खरा जोर येतो तो याच नकलेने. नक्कल मागताना आर.एस. (सर्व्हे) नंबर लिहा, गावात ब्लॉक नंबर चालत असेल तर तोही, आणि मोडी असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून त्याखाली कन्नड भाषांतर जोडा. मोडी वाचणारं टेबलाच्या पलीकडे बहुधा कोणी नसतं.