टिकाऊ नेलपॉलिश आणि सांगलीची हळद

टिकाऊ म्हणून विकल्या जाणाऱ्या नेलपॉलिशच्या खोक्यावर दिवसांचा आकडा ठळक छापलेला असतो. मात्र त्या दिवसांत हातांनी कोणती कामे करायची, याचा उल्लेख कुठेही नसतो. म्हणून सांगलीतल्या हरभट रस्त्यावरून रंग आणि टॉप कोट (रंगावरून द्यायचा पारदर्शक थर) अशी दोन बाटल्यांची, जेल पॉलिशसारखी अतिनील दिव्याखाली धरावी न लागणारी जोडी आणली आणि हातमोजे न घालता घरकाम करणाऱ्या हातांवर ती पारखली. उजव्या हाताला मरून, डाव्याला फिकट गुलाबी छटा लावली. दोन्ही करंगळ्यांवर टॉप कोट मुद्दाम लावला नाही.

नख पाणी शोषून किंचित फुगते आणि वाळल्यावर पुन्हा आक्रसते. त्यावरचा नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे नेलपॉलिशचा कडक पापुद्रा बनवणाऱ्या पदार्थाचा थर मात्र तितका ताणला जात नाही. त्यामुळे टोकाची कड आधी सुटते, तिथून पाणी आत शिरते आणि मग टवका उडतो. हे ध्यानात घेऊन नखे आधी रिमूव्हरने पुसून तेलकटपणा काढला, रंगाचे दोन पातळ हात दिले आणि टॉप कोटचा ब्रश टोकाच्या कडेवरूनही फिरवला. ही शेवटची क्रिया अजिबात टाळू नये. वरून कोरडा वाटणारा थर आतून पुरता कडक व्हायला काही तास लागतात. त्यामुळे ही कामे रात्री, भांडी आवरल्यावर करावीत.

करंगळ्यांचा रंग दोन-तीन दिवसांतच टवके उडून विद्रूप झाला. उरलेल्या बोटांवर कणीक मळून आणि तारेच्या घासणीने कढया घासूनही आठवडाभर एकही टवका उडाला नाही. फक्त लसूण सोलणाऱ्या अंगठ्याची आणि तर्जनीची टोके झिजली. चकाकी अखेरपर्यंत उत्तम राहिली. नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते, त्यामुळे आठवडा उलटल्यावर मुळाशी उघडी पट्टी दिसू लागते आणि गडद रंगात ती अधिक डोळ्यांत भरते.

खरी कसोटी ओल्या हळदीच्या लोणच्याने घेतली. हळद किसून झाल्यावर गुलाबी नखे मुळाशी गडद आणि टोकाकडे फिकी अशी पिवळी पडली. साबण लावताच तो पिवळेपणा तांबूस झाला, कारण हळदीतले कर्क्युमिन हे पिवळे रंगद्रव्य साबणासारख्या अल्कलीत रंग बदलते आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. गच्चीवर वाळवण घालताना ऊन लागले तेव्हा डाग उतरला, पण पुरता गेला नाही. मरूनवर काहीच दिसले नाही. हळदीच्या या गावात रोज फोडणी करणाऱ्या हातांसाठी फिकट छटा घेणे मला पटत नाही, थर कितीही टिकाऊ असला तरी.

काढताना रिमूव्हरचा बोळा नखावर थोडा वेळ दाबून धरावा. खरवडल्यास नखाचेच पापुद्रे निघतात. मरूनखाली नख पिवळसर झालेले आढळले. बेस कोटची, म्हणजे रंगाआधी नखावर द्यायच्या थराची, गरज नाही असे खोक्यावर लिहिले असले, तरी गडद रंगाखाली तो लावावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पुढे हाच टॉप कोट घरातल्या साध्या, स्वस्त मरून नेलपॉलिशवर लावून पाहिला, तेव्हा तीही जवळजवळ तितकीच टिकली. टॉप कोटची बाटली सुटी मिळत असेल, तर तेवढीच विकत घ्यावी.