खाडीकाठच्या घरावर ३ किलोवॉट सोलर: १४ महिन्यांचा वापर, आणि शेजाऱ्यांना तो कसा दाखवावा

वाडीत एका घरावर प्लेटा चढल्या की महिन्याभरात ‘बघायला कधी येऊ?’ सुरू होतं. बहुतेक घरमालक एप्रिलच्या कडक उन्हात बोलावतात, मोबाईलवर दिवसाच्या १४ युनिटचा आकडा दाखवतात आणि चहा पाजून पाठवतात. पाहुणा खूश होऊन संच बसवतो आणि जुलैत चिडतो. कोकणात सोलर दाखवायचा तर आषाढ-श्रावणातली नोंदवही आधी पुढे ठेवायला हवी. एप्रिल कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १४ महिन्यांचा वापर, त्यात मिरगापासून दसऱ्यापर्यंतचा एक अख्खा पावसाळा, आणि पाच-सहा वेळा घर उघडून दाखवल्यावर हे मत पक्कं झालं आहे.

संच असा आहे: ५५० वॉटच्या ६ प्लेटा म्हणजे ३.३ किलोवॉट, प्लेटांची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा, ग्रिडला म्हणजे गावच्या वीजलाईनला जोडलेला ३ किलोवॉटचा सिंगल फेज इन्व्हर्टर, स्लॅबवर उंच सांगाडा, तोंड दक्षिणेला, उतार १५ अंश. एक प्लेट साधारण सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडी कमी रुंद आणि २८ किलोच्या आसपास वजनाची. असा संच आपल्याकडे पावणेदोन ते सव्वादोन लाखांच्या दरम्यान पडतो, आणि उंच सांगाडा हवा असेल तर त्याचे पैसे बहुधा वेगळे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ३.३ बसवा की ५, अनुदान ७८ हजारच. प्लेटा आणि त्यांतले सेल दोन्ही भारतीय बनावटीचे असतील तरच ते मिळतं. म्हणून कोटेशनमध्ये हे लिहून घ्यावं, तोंडी बोलण्यावर ठेवू नये.

आता वही. स्वच्छ आकाश असलेल्या मार्च-एप्रिलच्या दिवशी १३ ते १५ युनिट. मे महिन्यात ऊन जास्त, पण मळभही जास्त आणि प्लेटा तापलेल्या. प्लेटेचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं. दुपारी प्लेट ६० अंशांवर गेली की बारा टक्के तिथेच गेले. त्यामुळे ‘मे महिना सगळ्यात चांगला’ ही समजूत चुकीची ठरते. जुलैत सरासरी ५ ते ७ युनिट, आणि दिवसभर झड लागली की २ च्याही खाली. पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर येतं असं सांगितलं जातं. धो धो पावसाच्या आठवड्यात ते निम्म्याच्याही निम्म्यावर येतं, हे पाहुण्याला स्पष्ट सांगावं. त्याचबरोबर हेही सांगावं की उन्हाळ्यात ग्रिडला दिलेली जादा युनिटं बिलात पुढे ओढली जातात आणि जुलै-ऑगस्टचा खड्डा त्यातून बराच भरतो. हिशेब ३१ मार्चला बंद होतो. त्या दिवशी उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, पण आपण विकत घेतो त्या दराने नाही. म्हणून संच वापराएवढाच असावा.

दाखवण्याचा क्रम खालून वर ठेवावा: आधी मीटर, मग इन्व्हर्टर, शेवटी छप्पर. लोकांना थेट वर जायचं असतं, पण छपरावर निळ्या काचांपलीकडे समजण्यासारखं फारसं नाही. सगळी शंका मीटरपाशी असते.

नेट मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात. त्यातला एक आत घेतलेल्या युनिटांचा, दुसरा बाहेर दिलेल्या. सगळ्यांचा गोंधळ एकच: मोबाईलवर १४ युनिट दिसतात आणि मीटरवर ९ च गेली, मग ५ कुठे गेली? ती घरातच वापरली गेली. पंखे, फ्रिज, पाण्याचा पंप यांनी दिवसा खाल्लेली वीज मीटरपर्यंत येतच नाही. हे शब्दांत पटत नाही, म्हणून करून दाखवावं. ११ च्या सुमारास, इन्व्हर्टर २ किलोवॉटच्या वर चालू असताना, घरातलं सगळं बंद करून मीटर बाहेर वीज देतोय हे दाखवायचं. मग विहिरीचा १ अश्वशक्तीचा पंप आणि इंडक्शन शेगडी एकदम लावायची. इन्व्हर्टरवरचा आकडा जागचा हलत नाही, पण मीटरवरची दिशा बदलते. एवढ्या पाच मिनिटांत ‘सोलरवर काय चालतं?’ हा प्रश्न संपतो. पावसाळ्यात मोबाईलचं नेटवर्क गेलं की ॲपमधली नोंद तुटते, म्हणून रोज संध्याकाळी इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आकडा वहीत लिहिणं हाच भरवशाचा मार्ग.

दुसरा प्रयोग त्याहून महत्त्वाचा. भर उन्हात घराचा मेन स्विच पाडायचा. दुसऱ्याच क्षणी इन्व्हर्टर बंद. पाहुण्यांचे चेहरे उतरतात, पण हे बसवण्याआधी कळलेलं बरं. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःहून थांबतो, कारण तो चालू राहिला तर खांबावर चढलेल्या वायरमनला घरातून गेलेल्या विजेचा झटका बसेल. मेन पुन्हा चढवल्यावर तो एक ते पाच मिनिटं ग्रिड तपासतो आणि मगच सुरू होतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत कित्येक दिवस लाईट नव्हती. असा साधा संच असता तर उन्हं पडूनही घरात अंधारच राहिला असता. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी लागते, आणि खर्च बराच वर जातो. आमच्या मते लाईट गेल्यावर चालणारा घरातला जुना इन्व्हर्टर आणि १५० ॲम्पिअर-तासाची एक बॅटरी तशीच ठेवावी. दोन पंखे, चार एलईडी आणि वायफाय एवढ्यावर ती चार-पाच तास काढते.

तिसरी गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत: गावातल्या लाईनचं व्होल्टेज. दुपारी वाडीत वापर कमी असतो, आणि रोहित्रापासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब असलेल्या घरात इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून थांबतो, तेही ऐन ११ ते २ च्या वेळेत. कारण सोपं आहे. ३ किलोवॉट म्हणजे १३ ॲम्पिअर बाहेर ढकलायचे. खांबापासून घरापर्यंतची वायर बारीक असेल आणि खाऱ्या हवेने खांबावरचा सांधा काळा पडला असेल, तर दोन्ही मिळून १ ओहम रोधही पुरतो. तेवढ्याने इन्व्हर्टरपाशी १३ व्होल्ट चढतात, २४० चे २५३ होतात आणि इन्व्हर्टर हात वर करतो. काही जण इन्व्हर्टरची मर्यादाच वाढवून देतात. ते करू देऊ नये, तो ताण फ्रिज आणि टीव्हीवर येतो. वायरमनकडून सांधा साफ करून नवा क्लॅम्प लावून घ्यावा, सर्व्हिस वायर जाड टाकावी. संच घेण्याआधी आठ दिवस दुपारी १२ ला व्होल्टेज मोजून लिहून ठेवावं. मल्टिमीटर फारसा महाग नसतो.

इन्व्हर्टर पडवीत, पागोळ्यांपासून आणि पश्चिमेच्या झडीपासून आत असावा. शेजारच्या वितरण पेट्यांमध्ये केबल जिथून आत शिरते ती भोकं पुटीने बुजवलेली आहेत का, हे पाहुण्याला बोट लावून दाखवावं. भोक उघडं राहिलं की पहिल्या पावसात मुंग्या आणि पाली आत घर करतात, आणि टर्मिनलवर पाल चिकटून शॉर्ट होणं इकडे नवीन नाही. त्याच पेटीत सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक उसळलेल्या व्होल्टेजपासून संच वाचवणारा भाग, असतो आणि त्याला बारीक खिडकी असते. हिरवी म्हणजे ठीक. लाल झाली की तो कामातून गेला, बदलायचा. ऑक्टोबरच्या परतीच्या गडगडाटानंतर आणि वळवाच्या पावसानंतर ती न चुकता बघावी.

अर्थिंगला तीन वेगळे खड्डे लागतात: एक प्लेटांच्या बाजूचा, एक घरच्या वीजबाजूचा, एक आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा. तिन्ही एकत्र जोडून काम उरकलेलं दिसलं तर हरकत घ्यावी. जांभ्याच्या कातळावर ही मोठी अडचण. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत राहत नाही. त्यावर उपाय म्हणजे केमिकल अर्थिंग (खड्ड्यात ओल धरून ठेवणारी भुकटी भरलेलं), शक्य तिथे मातीच्या बाजूला खड्डा, आणि एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एकेक बादली पाणी.

मग छप्पर. वर गेल्यावर प्लेटांकडे बघू नका, सांगाड्याच्या वेल्डिंगकडे बघा. गॅल्व्हनाइज्ड पाईप जागेवर कापून वेल्ड केला की त्या ठिकाणचा जस्ताचा थर जळून जातो. आमच्याकडे मागच्या पायाच्या सांध्यापाशी सप्टेंबरमध्येच नखाएवढा तपकिरी फोड आला आणि त्यातून स्लॅबवर गंजाचा बारीक ओघळ उतरला. बाकीचा पाईप मात्र अजून कोरा आहे. तारेच्या ब्रशने घासून जस्तयुक्त रंगाचे दोन हात दिले की थांबतं, पण दरवर्षी ऑक्टोबरात बघावं लागतं. खरा उपाय म्हणजे सगळं कापणं, भोकं पाडणं आणि वेल्डिंग आधी करून मग हॉट डिप करून (वितळलेल्या जस्तात बुडवून) घेणं, आणि जागेवर फक्त बोल्ट आवळणं. जस्ताचा थर ८० मायक्रॉन मागावा. नटबोल्ट स्टेनलेसचेच, किनाऱ्याजवळ ३०४ पेक्षा ३१६ ग्रेड टिकतो. चकचकीत दिसणारे साधे बोल्ट पहिल्याच पावसाळ्यात लाल होतात, आणि पुढे प्लेट काढायची वेळ आली की ते सुटत नाहीत. प्लेट घेताना खाऱ्या हवेच्या चाचणीचं, आयईसी ६१७०१ चं प्रमाणपत्र मागावं. सांगाडा ताशी १५० किलोमीटरच्या वाऱ्याला धरून काढलेला असावा. स्लॅबला भोकं पाडण्यापेक्षा काँक्रीटचे पेडेस्टल ओतावेत, पण ते स्लॅबच्या सळीला बांधलेले. नुसते ठेवलेले ठोकळे वादळात भरवशाचे नाहीत.

सावलीसाठी डिसेंबरच. २१ डिसेंबरला रत्नागिरीत दुपारचा सूर्य जेमतेम ५० अंशांवर असतो. दक्षिणेला प्लेटांच्या पातळीपेक्षा १० मीटर उंच माड असेल तर ऐन दुपारीही साडेआठ मीटर सावली पडते, सकाळी ९ ला तर कितीतरी लांब. एप्रिलमध्ये हाच माड निरुपद्रवी दिसतो. झावळीची एक पट्टी जरी प्लेटेवर पडली तरी त्या भागातले सेल अडतात आणि उत्पादन सावलीच्या मापापेक्षा जास्त पडतं. म्हणून शेजाऱ्यांना बोलवायचं तर डिसेंबर-जानेवारीतला रविवार, सकाळी १० ते १२. गणपतीत चाकरमानी गावात असतात म्हणून तेव्हा बोलावण्याचा मोह होतो, पण तेव्हा आकाश झाकोळलेलं आणि स्लॅबवर शेवाळ.

छपरावर एका वेळी चार-पाच माणसंच, मुलं खालीच. सहा प्लेटा ओळीत जोडल्यावर जवळजवळ ३०० व्होल्ट डीसी असतात, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी चटकन विझत नाही. ‘कसं जोडलंय बघू’ म्हणून चालू संचाचे कनेक्टर ओढू देऊ नयेत. प्लेटेवर हात टेकून, वाकून फोटो काढू देऊ नये. काच टिकते, पण आतल्या सेलला न दिसणारी भेग जाते.

साफसफाई सोपी आहे. पावसाळ्यात काच धुतली जाते, फक्त खालच्या चौकटीच्या कडेला पाणी थांबतं आणि बोटभर रुंद हिरवी पट्टी धरते. ती मऊ कापडाने पुसायची. नोव्हेंबरपासून तांबडी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा, म्हणून दर पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, प्लेट थंड असताना पाणी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर वायपरने निपटून घ्यावं, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग बसतात. वानरांना मात्र पक्का उपाय सापडला नाही. प्लेटांवरून ती उड्या मारतात आणि लोंबणाऱ्या केबली ओढतात. केबल पूर्ण पाईपमधून नेणं आणि फांद्या छपरापासून चार-पाच मीटर मागे तोडणं, एवढ्याने त्रास बराच कमी होतो.

महिन्याला ६०-७० युनिटच्या आत बिल असलेल्या घराला आम्ही ३ किलोवॉट घ्या असं सांगत नाही. मुंबईकरांच्या बंद घरालाही नाही. वर्षाचे अकरा महिने वीज ग्रिडला जाते आणि मार्चअखेर किरकोळ पैसे हातात येतात. २५०-३०० युनिट वापर, किंवा घरगुती पाहुणचाराचा व्यवसाय असेल तर जरूर. स्थिर आकार मात्र शून्य वापरालाही लागतोच, तेव्हा बिल शून्य येईल असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नये.

जाण्यापूर्वी प्रत्येकाला आपलं वीजबिल काढायला लावावं आणि त्यावरचं नाव वाचायला सांगावं. इकडे निम्म्या घरांचे मीटर आजोबांच्या नावावर आहेत, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, आणि घर चार भावांत. अर्ज ग्राहक क्रमांकावर होतो आणि अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात येतं. आधी नाव बदलायचं, त्यासाठी घरपट्टीचा उतारा आणि भाऊबंदांच्या संमतीच्या सह्या. मुंबई-पुण्यातल्या सह्या गोळा करायला प्लेटा बसवण्यापेक्षा जास्त दिवस लागतात, म्हणून ते काम गणपतीत सगळे घरी असतानाच उरकून घ्यावं.