विद्यापीठ गेटवरचा पुस्तकांचा स्टॉल आणि माँटगोमेरीची बस

दर 14 जानेवारीला नामविस्तार दिनासाठी आम्ही परभणीहून छत्रपती संभाजीनगरला जातो. गेटला वंदन झालं की उरलेला वेळ पुस्तकांच्या स्टॉलवर. यंदा एका छोट्या स्टॉलवर अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बस बहिष्कारावरची 72 पानी मराठी पुस्तिका मिळाली. 60 रुपये. परतीच्या गाडीत मंठा येईपर्यंत वाचून झाली.

मी 31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो. उतारूला जागा मिळण्यात काय असतं ते मला ठाऊक आहे. तरी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरातल्या बसचा नियम वाचला अन् पुस्तिका मिटून खिडकीबाहेर बघत बसलो. पुढच्या 10 जागा गोऱ्यांच्या. काळ्या माणसानं पुढून चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं, मागच्या दारानं पुन्हा चढायचं. तो मागं पोचायच्या आत ड्रायव्हर कधी कधी गाडी सोडून द्यायचा. पैसे घेतलेला उतारू रस्त्यावर! याच दारावरून 1943 साली रोझा पार्क्स या काळ्या बाईंना एका ड्रायव्हरनं खाली उतरवलं होतं. 1 डिसेंबर 1955 ला गोऱ्या उतारूसाठी त्या जागेवरून उठल्या नाहीत, ती गाडीही त्याच ड्रायव्हरची. त्यांना अटक झाली अन् बहिष्कार सुरू झाला.

पुस्तिका खरी रंगते ती पुढं. 381 दिवस लोक बसमध्ये चढले नाहीत, मग कामावर गेले कसे? सुमारे 300 खासगी गाड्या, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा; आख्खा डेपोच उभा केला की त्यांनी! गाड्यांचे विमे रद्द झाले तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला. बाकीचे पायी. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायासुद्धा मैलोन्‌मैल चालल्या.

तक्रार एकच, पण मोठी. क्लॉडेट कोल्विन ही 15 वर्षांची शाळकरी पोरगी मार्च 1955 मध्येच जागा सोडायला नाही म्हणाली होती. ज्या खटल्यानं बसमधला भेद बेकायदा ठरला, त्यातल्या फिर्यादींमध्ये ती होती, पार्क्सबाई नव्हत्या. तिला इथं अडीच ओळी! पुढच्या आवृत्तीत तिला स्वतंत्र प्रकरण द्या, असं स्टॉलवरच्या ताईंना फोन करून सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

टाइप बारीक आहे, चष्मा लागतो. बांधणी नुसत्या दोन पिनांची. मी दोन प्रती घेतल्या होत्या, त्यातली एक डेपोत कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत ठेवली. नव्या भरतीतल्या लेकींनी आठ दिवसांत तिचं मुखपृष्ठ सुटं केलं. चिकटपट्टी लावून परत तिथंच ठेवली आहे.