रेंज झकास, पण 'कॉल प्रायॉरिटी'चं बटण नावालाच

या वायफाय राउटरला तीन स्टार देतोय, आणि ते तिन्ही रेंजला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतला, थोडी घासाघीस करून. हॉलमध्ये ठेवला तरी मागच्या बेडरूमला पाच गिगाहर्ट्झवर नीट सिग्नल येतो, तापत नाही, मधेच आपोआप रीस्टार्ट होत नाही. पण मी घेतला होता तो खोक्यावर ठळक छापलेल्या 'कॉल प्रायॉरिटी'साठी आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खातंय.

घरात कुणाच्या फोनचं फोटो बॅकअप सुरू झालं की माझा ऑफिसचा कॉल गेलाच, मला समोरच्याचं सगळं ऐकू येतं पण माझा आवाज त्यांना तुटक तुटक. बटण ऑन करून पाहिलं, ढिम्म फरक नाही. मग बॅकअप चालू ठेवूनच राउटरला पिंग (डेटाचं छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ती चाचणी) लावला तर दोन-चार मिलीसेकंद, आणि लगेच ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गुगलचा सर्व्हर) लावला तर थेट चारशेच्या वर! म्हणजे वायफाय बिचारं ठीक आहे, पॅकेटं तुंबताहेत ती राउटरमधून लाइनवर बाहेर पडताना. आणि हे बटण तिथं हातच लावत नाही, ते फक्त डब्ल्यूएमएमशी खेळतं, म्हणजे वायफायवर कोणतं पॅकेट आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या हवेतल्या चार रांगा, व्हॉइस, व्हिडिओ, बेस्ट एफर्ट (म्हणजे साधं ट्रॅफिक), बॅकग्राउंड. व्हॉइसवाल्याला हवा मोकळी झाली की कमी थांबावं लागतं, बॅकग्राउंडवाल्याला जास्त, बास.

बरं, तेवढं तरी धड करतं का? वायरवरच्या पीसीवरून आयपर्फ या चाचणीच्या सॉफ्टवेअरने टीओएस १८४ लावून ट्रॅफिक सोडलं (म्हणजे पॅकेटवरचा प्रायॉरिटीचा आकडा, डीएससीपी, ४६, कॉलच्या आवाजाचा नेहमीचा शिक्का) आणि दुसऱ्या लॅपटॉपवर मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे हवेतली पॅकेटं टिपत, वायरशार्क हे पॅकेट बघायचं सॉफ्टवेअर लावून बसलो. पॅकेटची प्रायॉरिटी हेडरमध्ये उघडीच असते, पासवर्ड लागत नाही. दिसली ५. का, तर ४६ बायनरीत १०१११०, राउटर त्यातले पहिले तीन बिट उचलतो, १०१ म्हणजे ५, आणि ५ म्हणजे व्हिडिओची रांग. व्हॉइसला ६ किंवा ७ लागतो. ही भानगड काही नवी नाही, २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजामध्ये ४६ ला ६ वर टाका असं स्पष्ट लिहिलंय, पण फर्मवेअरवाल्यांना (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना) वाचायला वेळ कुठाय. शिवाय बाहेरून येणाऱ्या कॉलच्या पॅकेटांवरचा शिक्का माझ्या लाइनवर पुसलेलाच येतो, शून्य, त्यामुळे ती सगळी बेस्ट एफर्टमध्येच बसतात, बटण दाबा नाहीतर दाबू नका.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे डब्ल्यूएमएम बंद करून बघा. कृपया बघू नका! वायफायच्या ११एन आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या स्पीडला डब्ल्यूएमएम लागतंच, बंद केलं की ५४ एमबीपीएसच्या जमान्यात जाऊन बसाल.

खरा उपाय अ‍ॅडव्हान्स्ड मेनूच्या तळाशी दडवलाय. तिथं क्यूओएसमध्ये (कुठल्या ट्रॅफिकला आधी सोडायचं त्याचं सेटिंग) अपलोड स्पीड हाताने टाकता येतो. माझी लाइन २० एमबीपीएसची, मी १८ टाकला, म्हणजे रांग लाइनवाल्याच्या डब्यात न लागता राउटरमध्येच लागते आणि तिथं कॉलला पुढं काढता येतं. बॅकअप चालू असतानाचा पिंग चारशेवरून तिशीत आला, ऑफिसवाल्यांची कटकट बंद. तोटा एवढाच की हे ऑन केलं की हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चिपमधूनच पॅकेटं झटपट पुढं ढकलणं) बंद पडतं आणि डाउनलोड बराच खाली येतो, मला चालतं, मोठ्या प्लॅनवाल्यांना नाही चालायचं.

नुसती रेंज हवी असेल तर बिनधास्त घ्या. कॉल किंवा गेमसाठी घेत असाल तर थोडे पैसे जास्त घाला पण ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर चालणारा बघा, त्यात एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवणारं पॅकेज) टाकलं की ही सगळी खटपट दहा मिनिटांत उरकते. आणि दुकानात प्रायॉरिटीचं बटण दाखवलं तर अपलोड स्पीड कुठं टाकायचा ते आधी विचारा.