धुळ्यातलं वादविवाद शिबिर: चार स्टार, आणि पाचवा का नाही ते

मे महिन्यात देवपूरला आठ दिवसांचं वादविवाद शिबिर झालं, सकाळी साडेसात ते दहा, फी 1800 रुपये, आमची पोरगी आता नववीत जाणार म्हणून तिला घातलं होतं. बऱ्याच जणी विचारताहेत कसं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिले पाच दिवस उभं कसं राहायचं, आवाज कुठे चढवायचा, समोरच्याचं बोलणं मधे न तोडता कसं ऐकायचं, हे सगळं चांगलंच झालं, त्यावर जास्त लिहीत नाही. खरा विषय शेवटच्या तीन दिवसांचा. "गुलामांचा व्यापार करणाऱ्यांचे चौकातले पुतळे काढावेत की ठेवावेत." मी ऐकलं तेव्हा चिडलेच. म्हटलं धुळ्याच्या पोरांना इंग्लंडच्या ब्रिस्टलमधला पुतळा कशाला, कापसाचा भाव घ्या, पाणीटंचाई घ्या. सरांना फोन लावला तर ते म्हणाले, ताई, इथल्या पुतळ्यावर बोलायला लावलं की पोरं घरी ऐकलेलंच बोलतात, लांबचा दिला की स्वतः वाचावं लागतं. मला हे पटलं, आणि पुढे जे बघितलं त्यानंतर तर शंभर टक्के पटलं.

तीन दिवस आमच्या घरात जेवताना पण एडवर्ड कोल्स्टनच, म्हणजे ब्रिस्टलचा तो पुतळा ज्याचा, तो. हा माणूस 1680 ते 1692 रॉयल आफ्रिकन कंपनीत होता, नंतर तर उपप्रमुख झाला, आणि त्या बारा वर्षांत कंपनीने सुमारे 84,000 माणसं आफ्रिकेतून जहाजात कोंबून अटलांटिकपार नेली, त्यातली 19,000 च्या आसपास वाटेतच मेली. छातीवर कंपनीचा शिक्का डागायचे हे पोरगी वाचून दाखवत होती तर सासूबाई पोळपाटावरून हात उचलून म्हणाल्या, "बैलले डागतस तसं?" हो म्हटल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग एवढंच म्हणाल्या, "आन् त्याना पुतळा? कसाले?"

या "कसाले"चंच उत्तर पोरीने शोधलं. कोल्स्टन मेला 1721 ला. पुतळा उभा केला 1895 ला. वहीच्या मागच्या पानावर तिने वजाबाकी केली, 174, आणि त्याला दोनदा गोल केला. ब्रिटिश पार्लमेंटने हा व्यापार 1807 मधेच बंद केला होता आणि 1833 ला गुलामगिरी रद्द करायचा कायदा केला होता, म्हणजे 1895 ला पुतळा बसवणाऱ्यांना सगळं माहीत होतं, तरी खाली लिहिलं की हा शहराचा एक अत्यंत सद्गुणी आणि शहाणा सुपुत्र. मला हा मुद्दा फार मोठा वाटतो. लोक म्हणतात पुतळा काढला की इतिहास पुसला जातो, पण तो पुतळा कोल्स्टनच्या काळातला नाहीच ना, पावणेदोनशे वर्षांनंतरच्या लोकांनी ठरवलं की चौकात मान कुणाला द्यायचा, आणि त्यांना जर ठरवता येतं तर आजच्या लोकांनाही येतं.

ठेवावा म्हणणाऱ्या गटात एक मुलगा होता, हुशार आहे, त्याने मांडलं की कोल्स्टनने शाळांना, गरिबांच्या निवाऱ्यांना भरपूर पैसा दिला, आणि आज हा काढला तर उद्या कुणाचाही काढतील. पहिल्या मुद्द्यावर पोरगी म्हणाली पैसा माणसं विकूनच आला होता. दुसऱ्यावर तिने आपल्याकडचंच उदाहरण दिलं, मुंबईच्या काळा घोड्याचं. एडवर्ड राजाचा तो पुतळा 1965 ला हलवला, आज भायखळ्याला राणीबागेत आहे, पण चौकाचं नाव काळा घोडाच राहिलं, कोण काय विसरलं सांगा. आणि आम्ही दिवाळीत अजिंठ्याला गेलो होतो तेव्हा गाईडने दहा नंबरच्या लेणीत टॉर्च मारून जॉन स्मिथने 1819 ला खरडलेलं नाव दाखवलं होतं, ते तिने बरोबर इथे जोडलं: ते नाव आपण जपून ठेवलंय, लोकांना दाखवतो, पण जयंतीला त्याला हार घालत नाही.

7 जून 2020 ला लोकांनी दोर लावून तो पुतळा पाडला आणि ओढत नेऊन बंदरात टाकला. ही पद्धत मला आवडली नाही, आपल्याकडे असं सुरू झालं तर काय होईल या विचारानेच पोटात गोळा येतो. पण त्याआधी लोक वर्षानुवर्षं अर्ज करत होते, खरी माहिती देणारा नवा फलक लावायचं ठरलं तर त्याच्या मजकुरावरूनच वाद झाला आणि फलक लागलाच नाही, हे पण सांगितलं पाहिजे. नंतर चार जणांवर खटला चालला, जानेवारी 2022 ला ज्यूरीने निर्दोष सोडलं. पुतळा पाण्यातून काढला तर साफ करताना त्यात सायकलचा टायर निघाला आणि 1895 चं एक मासिक पण, पोरीला हे इतकं आवडलं की पाहुण्यांना पण सांगत होती. आता तो तिथल्या एम शेड म्युझियममधे आहे, आडवा, अंगावर लोकांनी फासलेला रंग तसाच. माझ्या मते हीच योग्य जागा. चौथऱ्यावरून उतरवा, फोडू नका, घाण न लपवता लोकांना दाखवा.

आणि हे लांबचं तरी कुठे आहे हो. अमेरिकेतल्या युद्धात 1861 ते 65 तिकडचा गुलामांनी पिकवलेला कापूस अडकला तेव्हाच आपल्या खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला होता. हे पण सरांनीच सांगितलं, त्याबद्दल त्यांना मनापासून धन्यवाद.

आता स्टार का कापला. शेवटच्या दिवशी बाहेरचे परीक्षक बोलावले होते आणि त्यांनी आवाज, हातवारे, पाठांतर यालाच गुण दिले, माहिती कुठून काढली हे एकालाही विचारलं नाही. वर समारोपात "दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर" म्हणून मोकळे झाले. पोरं तीन दिवस घासतात ती काय हे ऐकायला? बाजू मांडायला शिकवता तसं शेवटी स्वतःचं मत ठरवायला पण शिकवा, निदान पोरांना विचारा तरी की आता तुला काय वाटतं. घरी येताना पोरगी गाडीवर मागे गप्प बसून होती, बक्षिसाचं काही नाही, ती 174 ची वजाबाकी कुणी ऐकलीच नाही म्हणून.

बाकी पत्र्याखालच्या हॉलमधे दोनच पंखे, धुळ्याच्या मे महिन्यात नऊनंतर बसवत नाही. पाण्याची सोय चांगली, पोरींच्या पालकांना रोज मेसेज येतो, सर स्वतः गेटवर उभे असतात.

दिवाळीच्या बॅचला धाकट्यालाही घालणार आहे. सर, तेवढे पंखे वाढवा आणि गुणपत्रिकेत संदर्भ शोधण्याला दहा मार्क ठेवा, परीक्षकांना तो रकाना भरावाच लागेल असं करा.