ठाण्याहून कान्हेरी: तिसऱ्या लेण्यावरून परत फिरू नका

येऊरच्या जंगलापलीकडेच कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांचा डोंगर आहे, पण तिकडून सर्वांसाठी खुली वाट नाही. घोडबंदर रस्त्याने बोरिवलीची बस धरा आणि नॅशनल पार्कला उतरा. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर. आतली बस मिळते, मात्र रविवारी रांग फार वाढते, म्हणून उद्यान उघडताच पोचावं. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. सोमवारी बंद.

तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, अर्थातच भव्य आहे. आत 34 खांब, टोकाला स्तूप, ओसरीत दोन्ही बाजूंना जवळजवळ 7 मीटर उंच बुद्धमूर्ती. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळात गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी ते करवलं. बहुतेक जण इथे फोटो काढून खाली उतरतात. अर्धी कान्हेरीही पाहून झालेली नसते.

पुढे 11 नंबरला जा, याला दरबार म्हणतात. जमिनीतूनच कोरून काढलेले दोन लांब, बुटके बाक बघा. तिथून पायऱ्यांनी वर चढताना पायाखालच्या कातळाकडे लक्ष ठेवा. उतारावर बोटभर-वीतभर रुंदीच्या पन्हळी खोदल्या आहेत. पावसाचं पाणी त्यांतून वाहत लेण्यांजवळच्या टाक्यात पडतं. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय आणि दान देणाऱ्यांत कल्याण, सोपाऱ्याची माणसं आहेत. शंभरावर लेण्यांतल्या भिक्खूंना उन्हाळा काढता आला तो या पाण्यावर. आमच्या मते कान्हेरीतलं सर्वांत मोठं काम हेच.

दंतकथाही इथे मुबलक. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली, असं सांगतात. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कूतो याने इथल्या भुयाराची कथा नोंदवली आहे: काही जण सात दिवस चालले, तरी शेवट लागला नाही! त्यानेच आणखी एक कथा लिहिली: मुलगा संन्यासी होईल या भाकिताने धास्तावलेल्या राजाने त्याला कोंडून ठेवायला हे बांधलं. सिद्धार्थाचीच गोष्ट! भिक्खू गेल्यावर कित्येक शतकांनीही ती लोकांच्या तोंडी टिकून होती, हे फार मोलाचं आहे. भुयार शोधायला मात्र अंधाऱ्या टाक्यांत डोकावू नका. काठ निसरडे असतात आणि पाण्याची खोली कळत नाही.

पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, गुळगुळीत तळाची चप्पल हमखास घसरते. दोन डोंगरांमधला ओढा जोराच्या सरीत पटकन चढतो, तेव्हा तो ओलांडू नका. उन्हाळ्यात माणशी दोन लिटर पाणी लागतं, कारण वरचा कातळ तापतो. खाऊ हातात धरला की माकडं ओढतातच. पिशवीत, चेन लावून ठेवा.

बॅटरी न्या, कारण 34 नंबरच्या छतावरचं बुद्धाचं अपुरं चित्र पुसट आहे. 41 मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे. 90 नंबरला 1009 आणि 1021 साली आलेल्या पारशांनी पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, आपली नावं कोरली आहेत. तिथवर जाऊन सावकाश बघायचं तर चार तास हाताशी हवेत.